‘बर-एनाश’: शब्दाची फोड आणि अर्थाची ओढाताण

अरामी भाषेत माणसाला ‘एनाश’ म्हणतात. कोणी एक माणूस, कोणीही माणूस आणि सगळी मानवजात हे तिन्ही अर्थ या एका शब्दात मावतात. त्या जातीतला सुटा माणूस नेमका दाखवायचा झाला की आधी ‘बर’ लागतो आणि ‘बर-एनाश’ हा जोडशब्द तयार होतो. त्याचे अनेकवचन ‘ब्ने-अनाशा’, म्हणजे माणसे. पूर्वेकडच्या बोलींत पुढे आरंभीचा स्वर गळाला आणि ‘नाशा’, ‘बर्नाशा’ ही रूपे रूढ झाली. त्यांपैकी सुरियानी बोलीच्या लिपीत त्या गळालेल्या स्वराचा ‘अलाफ’ हा वर्ण अजूनही लिहितात, आणि तो वाचायचा नाही हे कळावे म्हणून त्याला एक आडवी रेघ देतात. सीरियात अलेप्पोजवळच्या सफीरे येथे इ. स. पूर्व ८ व्या शतकातले करारलेख दगडावर कोरलेले सापडले. त्यांत ‘बर-एनाश’ हा शब्द ‘कोणीही माणूस’ या अर्थाने आला आहे. उत्तर इराक आणि वायव्य इराणमधून जगभर पांगलेले अरामीभाषक आजही माणसाला ‘नाशा’च म्हणतात. जवळजवळ पावणेतीन हजार वर्षे वापरात असलेल्या या शब्दाचा अर्थ गूढ राहण्याचे काही कारण नव्हते. तो गूढ करण्यात आला आहे.

गूढ करणाऱ्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. ‘बर’ म्हणजे पुत्र, ‘एनाश’ म्हणजे माणूस. तेव्हा ‘बर-एनाश’ म्हणजे माणसाचा पुत्र, नुसता माणूस नव्हे. जो ‘माणूस’ एवढेच भाषांतर करतो तो मूळ शब्दातला पुत्र गिळतो. शिवाय ‘एनाश’चा धातू दुर्बलता दाखवतो, म्हणून मानवजात म्हणजे दुबळ्यांची जात. शब्दाच्या शेवटचा ‘आ’ निश्चिततेचा, म्हणून ‘बर्नाशा’ म्हणजे कोणी तरी नव्हे, ‘तो’ विशिष्ट पुत्र. पुत्र पुल्लिंगी, म्हणून शब्दात स्त्रिया नाहीत. आणि सुरियानी ही प्रत्यक्ष येशूची भाषा, म्हणून सुरियानी कोश उघडला की वाद मिटला. या सगळ्यावर कळस असा, की एका मूळ शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द द्यावा आणि इकडेतिकडे पाहू नये. मराठी वाचकाला खूश करण्यासाठी त्यात एक पुरवणीही जोडली जाते: ‘नाशा’ आणि आपला ‘नाश’ हे सख्खे भाऊ, कारण माणूस नाशिवंत आहे!

या इमारतीचा पाया ‘बर म्हणजे पुत्र’ हे एकच समीकरण आहे, म्हणून पहिला आणि सविस्तर विचार त्याचाच करावा लागतो. समीकरण सपशेल खोटे आहे असे नाही. मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी आहे. त्याचे नाव बार्तिमय, आणि तो तिमयाचा मुलगा असा खुलासा मजकुरातच आहे. बर्थलमय आणि शिमोन बार-योना ही नावेही याच साच्यातली. ‘बर’च्या पुढे एखाद्या व्यक्तीचे नाव आले तर अर्थ मुलगा, हे निर्विवाद. पूर्वपक्षाची चूक पुढच्या पावलाला होते. व्यक्तिनामाला लागू असलेला नियम तो जातिनामाला, वयाला, गुणाला आणि वेळेलाही लावून मोकळा होतो.

याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात याकोब आणि योहान या दोघा भावांना येशू ‘गर्जनेचे पुत्र’ असे टोपणनाव देतो. त्यांच्या खऱ्या वडिलांचे नाव जब्दी, आणि ते त्याच वाक्यात दिलेले आहे. आता समीकरण प्रामाणिकपणे चालवायचे तर जब्दीच्या घरात एक गंभीर प्रश्न उभा राहतो. सुदैवाने हा वंशावळीचा वाद कोणी उकरला नाही, कारण गर्जनेचा पुत्र म्हणजे गडगडाटी स्वभावाचा माणूस हे सर्वांना न सांगता समजते. बर्णबाच्या नावाचेही तसेच. प्रेषितांच्या कृत्यांत त्या नावाचा अर्थ सांत्वनाचा पुत्र असा दिला आहे, आणि सांत्वन नावाच्या गृहस्थाचा शोध घ्यायला कोणी निघाले नाही.

पण खरा पुरावा बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातच आहे. या पुस्तकाचा दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंतचा भाग अरामीत आहे, आणि वादाचे मुख्य वाक्य सातव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात येते: आकाशातल्या मेघांबरोबर ‘के-बर एनाश’ येत होता. ‘के’ म्हणजे ‘सारखा’. आता पाचव्या अध्यायाचा शेवट पाहावा. काही आवृत्त्यांत हेच वाक्य सहाव्या अध्यायाच्या आरंभी छापतात. दारयावेशाच्या हाती राज्य आले तेव्हा तो किती वर्षांचा होता हे तिथे सांगितले आहे. शब्द आहेत: ‘के-बर श्नीन शित्तीन व-तर्तेन’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘बासष्ट वर्षांच्या पुत्रासारखा’. अर्थ सरळ आहे: वयाने सुमारे बासष्ट वर्षांचा. तेच पुस्तक, तीच भाषा, तोच ‘के’, तोच ‘बर’. पूर्वपक्षाने इथे वर्षांना पुत्र झाल्याची नोंद केलेली नाही. दोन अध्याय पुढे गेल्यावर मात्र त्याला ‘बर’मध्ये अचानक बाप, बेटा आणि कुळ दिसू लागते. ज्या नियमाला दोन अध्यायांचा प्रवास झेपत नाही, त्याला नियम म्हणणे फार झाले.

उदाहरणे इथे संपत नाहीत. एज्राच्या सहाव्या अध्यायात मंदिराच्या होमार्पणासाठी काय काय पुरवावे याची राजाज्ञा आहे. तिच्यात ‘ब्ने तोरीन’ आहेत. शब्दशः हे ‘बैलांचे पुत्र’. मराठी शेतकरी त्यांना गोऱ्हे म्हणेल आणि पुढच्या कामाला लागेल. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात तिघांना भट्टीत टाकल्यावर राजाला आत चौथा दिसतो, आणि तो ‘बर-एलाहीन’सारखा दिसतो असे राजा म्हणतो. ‘एलाहीन’ म्हणजे देव, अनेकवचनी. हा कुठल्या देवाचा कितवा मुलगा, हा प्रश्न राजाच्या मनातही येत नाही; तीन वचनांनंतर तो स्वतःच त्याला देवाने पाठवलेला दूत म्हणतो. म्हणजे ‘बर-एलाहीन’ हा देवकोटीतला कोणी एक, आणि ‘बर-एनाश’ हा मानवकोटीतला कोणी एक. दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेले आहेत. एकाच्या साच्यात जात पाहायची आणि दुसऱ्याच्या साच्यात जन्मदाखला, हा न्याय अरामी व्याकरणाचा नव्हे.

सुरियानी भाषेने तर ‘बर’ला मुलगा होण्याच्या कामातून बरीच सुटी दिली आहे. ‘बर-झव्गा’, शब्दशः जोडीचा पुत्र, म्हणजे जोडीदार. ‘बर-हेरे’, स्वतंत्रांचा पुत्र, म्हणजे गुलाम नसलेला माणूस. ‘बर-शाअतेह’, आपल्या घटकेचा पुत्र, म्हणजे ताबडतोब. मुलगी म्हणजे ‘बर्त’, आणि ‘बर्त-काला’, आवाजाची कन्या, म्हणजे उच्चार किंवा शब्द. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की ‘बार-मित्स्वा’ होतो. त्यातला ‘बार’ हाच. आज्ञेचा पुत्र म्हणजे धर्माज्ञा ज्याला लागू झाल्या असा. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या नावात ‘बर’च्या अनेकवचनाचे हिब्रू भावंड ‘बेने’ बसलेले आहे. ते नाव उच्चारताना इस्राएल या पूर्वजाच्या मुलांची शिरगणती कोणी करत नाही. त्या समाजाचे लोक एवढाच अर्थ घेतला जातो.

हिब्रू भाषेत याच रचनेला ‘बेन-आदाम’ म्हणतात, आणि हिब्रू कवितेची रीत अशी की एकच गोष्ट दोन चरणांत दोन शब्दांनी सांगायची. स्तोत्रसंहितेच्या आठव्या स्तोत्रात पहिल्या चरणात ‘एनोश’, दुसऱ्यात ‘बेन-आदाम’. ईयोबाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या अखेरीसही तीच जोडी आहे. तिथे ‘एनोश’ला अळी म्हटले आहे आणि ‘बेन-आदाम’ला किडा. पूर्वपक्षाचे समीकरण इथे लावले तर बाप अळी आणि मुलगा किडा असा कौटुंबिक तपशील हाती येतो. कवीला दोन्हीकडे माणूसच म्हणायचा होता. आधुनिक हिब्रूत ‘बेन-आदाम’ हा ‘माणूस’ या अर्थाचा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, ही हिब्रू झाली, अरामीत दाखवा. तेही दाखवता येते. मृत समुद्राजवळ कुमरान येथील पहिल्या गुहेतून उत्पत्तीच्या कथांचे अरामीत सांगितलेले एक जीर्ण चर्मपत्र मिळाले. अब्रामाची संतती धुळीच्या कणांइतकी होईल आणि कोणालाही ती मोजता येणार नाही, हा प्रसंग त्यात आहे. हिब्रू उत्पत्तीत ‘कोणाला’ या जागी ‘ईश’ आहे, म्हणजे साधा माणूस. अरामी सांगणाऱ्याने तिथे लिहिले ‘बर-एनोश’. मुळात पुत्र नव्हता आणि त्याला तो घालायचाही नव्हता. त्याच्या भाषेत ‘कोणी माणूस’ असेच म्हणतात, म्हणून ‘बर’ आपोआप आला. सुरियानी शुभवर्तमानात, सैतानाने भाकरीचा मोह घातल्यावर येशूने दिलेल्या उत्तरात, नुसत्या भाकरीवर न जगणारा तोही ‘बर्नाशा’च. फोड पाळायची तर भाकरीखेरीज आणखी काही लागते ते फक्त मुलाला. बापाचे भाकरीवर भागते.

मराठी वाचकाला तर ही फोड पाहून हसूच यायला हवे, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत हा साचा जागोजाग आहे. ‘मानव’ म्हणजे व्युत्पत्तीने मनूचे अपत्य. ‘मनुज’ म्हणजे मनूपासून जन्मलेला. म्हणून ‘मानवी हक्क’ हे मनूच्या मुलांचे हक्क ठरत नाहीत. ‘रजपूत’ हा ‘राजपुत्र’. प्रत्येक रजपुताचा बाप गादीवर होता असे कोणी मानत नाही. जुन्या संगीत नाटकातली नायिका पतीला ‘आर्यपुत्र’ म्हणते तेव्हा ती सासऱ्यांची चौकशी करत नसते. आणि हा भेद काही आजचा शोध नव्हे. पाणिनीने ‘मनु’ शब्दापासून ‘मानुष’ आणि ‘मनुष्य’ ही रूपे साधताना त्यासाठी वेगळे सूत्र केले आणि ही रूपे ‘जाती’ या अर्थी होतात असे स्पष्ट घातले. निव्वळ अपत्य सांगायचे तर रूप ‘मानव’. म्हणजे अपत्याच्या प्रत्ययातून जातीचा अर्थ कसा निघतो, याचा विचार भारतात दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. ‘मनुष्याचा पुत्र’ ही शब्दजोडी कागदावर ठेवून ‘हीच खरी निष्ठा’ म्हणणाऱ्याने त्यातल्या ‘मनुष्य’ या शब्दाचीही तशीच फोड करून दाखवावी. मग भाषांतर ‘मनूच्या जातीच्याचा पुत्र’ असे होईल आणि निष्ठा परिपूर्ण होईल.

दानीएलाच्या सातव्या अध्यायाचा संदर्भही हेच सांगतो. समुद्रातून चार पशू निघतात. पहिला सिंहासारखा, दुसरा अस्वलासारखा, तिसरा चित्त्यासारखा, चौथा कशासारखाच नाही इतका भयानक, लोखंडी दातांचा आणि दहा शिंगांचा. मग त्यांच्या सत्तेचा अंत होतो आणि मेघांबरोबर माणसासारखा कोणी येतो. सगळा जोर पशू आणि माणूस या विरोधावर आहे. शिवाय ही तुलना आधीच पेरलेली आहे: पहिल्या पशूला माणसासारखे पायांवर उभे केले जाते, त्याला ‘एनाश’चे हृदय दिले जाते, शेवटच्या पशूच्या लहान शिंगाला ‘अनाशा’च्या डोळ्यांसारखे डोळे असतात. पशूंना माणसाचे अवयव मिळतात, आणि राज्य मात्र अखेर पूर्ण मनुष्याकृतीला मिळते. या चित्रात पुत्रत्वाला काही काम नाही. सिंह कोणाचा छावा होता हे विचारले जात नाही, मग माणूस कोणाचा मुलगा हे का विचारावे?

एवढ्यावर पाया ढासळतो; वरच्या मजल्यांना फार वेळ देण्याचे कारण नाही. ‘एनाश’ म्हणजे दुर्बल, हा दावा हिब्रूत असाध्य दुखण्याला वापरतात त्या एका सारख्या दिसणाऱ्या धातूवर उभा आहे. अरबीत याच कुळातले शब्द ‘इन्स’, ‘नास’ आणि ‘इन्सान’. कुराणाच्या ११४ व्या, म्हणजे शेवटच्या सुरेचे नाव ‘अन्-नास’, लोक. तिकडे ‘इन्सान’ची एक लोकप्रिय व्युत्पत्ती विसरण्यावरून लावतात आणि दुसरी आपुलकीवरून. म्हणजे माणूस दुबळा, विसरभोळा आणि माणूसघाणा नसलेला, असे तिघेही धातूंच्या दारात उभे आहेत. ज्याला जे प्रवचन करायचे त्याने तो धातू उचलावा. हिंदी-उर्दूच्या वाटेने मराठीच्या कानावर आलेला ‘इन्सान’ या तिन्ही प्रवचनांशिवाय उत्तम चालतो. ‘नाशा’ आणि ‘नाश’ यांच्या भाऊबंदकीला एक ओळ पुरे: अरामीतला आरंभीचा गळालेला स्वर संस्कृत ‘नश्’ धातूत कधी नव्हताच. स्त्रियांचा आक्षेपही तेवढाच. सुरियानी उत्पत्तीत देव ‘नाशा’ घडवायचे ठरवतो आणि पुढच्याच वचनात नर आणि मादी घडवतो.

निश्चिततेच्या ‘आ’चा मुद्दा थोडा अधिक आदराला पात्र आहे, कारण त्यावर खरे भाषातज्ज्ञही भांडले आहेत. जुन्या अरामीत शब्दाअखेरचा ‘आ’ निश्चितता दाखवत असे. पूर्वेकडच्या बोलींत, सुरियानी धरून, ही धार पुढे बोथट झाली आणि ‘आ’ असलेले रूपच साधे रूप बनले. मग येशूच्या, म्हणजे पहिल्या शतकातल्या गालीलात काय स्थिती होती? १८९६ च्या सुमारास जर्मनीत असा पक्ष मांडला गेला की अरामीत ‘बर्नाशा’ हा इतका साधा शब्द आहे की त्यातून, शुभवर्तमानांत येशू स्वतःला लावतो तशी, ‘मनुष्याचा पुत्र’ ही पदवी घडूच शकत नाही. दोन वर्षांत त्याला उत्तर आले की पॅलेस्टाइनमधल्या त्या काळच्या अरामीत हा शब्द मुळीच इतका सर्वसामान्य नव्हता. १९६५ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका व्याख्यानाने वाद पुन्हा पेटला: वक्ता आडवळणाने स्वतःविषयी बोलताना ‘बर्नाशा’ म्हणतो, मराठीत ‘या माणसाला विचारतो कोण?’ म्हणावे तसे. त्यावर हरकत आली की दिलेले दाखले नंतरच्या शतकांतल्या रब्बींच्या वाङ्मयातले आहेत, आणि आरंभीचा स्वर गळालेले रूपही नंतरचेच, कारण कुमरानच्या पत्रांत तो स्वर शाबूत आहे. हा वाद अजून चालू आहे. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की यातल्या कोणत्याही बाजूने ‘बर्नाशा’ या सामान्यनामाचा अर्थ माणूस आहे हे नाकारले नाही. भांडण वापराचे होते, अर्थाचे नव्हते. पूर्वपक्षाने या भांडणातून ‘तो विशिष्ट पुत्र’ तेवढा उचलला आणि बाकीचे पुस्तक मिटून ठेवले.

सुरियानी म्हणजे येशूचीच भाषा, या दाव्याला मात्र उत्तर द्यावेच लागते, कारण त्याच गोटातून अशी प्रमाणपत्रे वारंवार निघतात. शुभवर्तमानांतल्या उंट आणि सुईच्या नेढ्याच्या वाक्याचा जुना वाद आठवावा. ‘गम्ला’ म्हणजे उंट नसून दोरखंड, असा शोध दर काही वर्षांनी नव्याने लागतो. जणू सुईच्या नेढ्यातून दोरखंड सहज जातो. ‘गम्ला’ म्हणजे उंट हे कोणत्याही सुरियानीभाषकाला माहीत आहे, आणि ग्रीक हस्तलिखितांतही दोरखंडाचे पाठ उशिराचे व तुरळक आहेत. तिथली युक्ती इथलीच: प्रसिद्ध वाक्य घ्यायचे, एक अपरिचित कोशार्थ काढायचा आणि दोन हजार वर्षांच्या वाचकांना अडाणी ठरवायचे.

वस्तुस्थिती अशी. सुरियानी ही एदेसाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा शहराची बोली. केरळातल्या सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ती उपासनेची भाषा म्हणून टिकली आहे. पण गालीलातली पहिल्या शतकातली अरामी ही तिची दूरची बहीण होती, आणि सुरियानी शुभवर्तमाने ग्रीकवरून भाषांतरित झालेली आहेत. ‘पशीता’ हा त्यांचा प्रमाणपाठ पाचव्या शतकाच्या आरंभीपर्यंत रूढ झाला. गंमत अशी की हाच पाठ पूर्वपक्षाच्या सर्वांत विरुद्ध जातो. ‘एका शब्दाला एकच प्रतिशब्द’ हे तत्त्व पशीताच्या भाषांतरकारांनी पाळलेले नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, या वाक्यात ते दोन्हीकडे ‘बर्नाशा’ लिहितात. लगेच पुढच्या वाक्यात, शब्बाथाचा धनी कोण हे सांगताना, ते शब्द बदलतात आणि ‘ब्रेह द-नाशा’ लिहितात. अक्षरशः ‘माणसाचा, त्याचा, पुत्र’. बोलीभाषेत ही रचना अवघडलेली वाटते, आणि ती मुद्दाम तशी केलेली आहे. त्याहून जुन्या सुरियानी पाठांत काही ठिकाणी ‘ब्रेह द-गब्रा’, म्हणजे ‘त्या पुरुषाचा पुत्र’, असाही प्रयत्न दिसतो. ज्यांची ती रोजची भाषा होती त्यांना सामान्य माणूस आणि येशूचे हे विशेष नाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटल्या. त्यांच्या कोशाचा हवाला देऊन त्या दोन्ही पुन्हा एकत्र कालवणे, हा त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा विचित्र प्रकार झाला.

खंडन इथे पुरे. मंडनाची बाजू लहान आहे, कारण मुळात गोष्ट साधी आहे. ‘एनाश’चा अर्थ वापरावरून ठरवावा, आणि वापर तीन प्रकारचा सापडतो. पहिला, मानवजात: दानीएलात नबुखद्नेस्सराला ‘ब्ने-अनाशा’मधून हाकलून दिले जाते, म्हणजे माणसांतून उठवले जाते. दुसरा, अनिश्चित ‘कोणी’: त्याच पुस्तकात भिंतीवरचा लेख ‘कोल एनाश’ जो वाचील, म्हणजे जो कोणी वाचील, त्याला बक्षीस आहे, राजाचे कोडे सांगू शकेल असा पृथ्वीवर ‘एनाश’ नाही, म्हणजे कोणीच नाही. तिसरा, जातीतला एक: हाच ‘बर-एनाश’. मराठीत यांना ‘मानवजात’ किंवा ‘माणसे’, ‘कोणी’ आणि ‘माणूस’ हे शब्द पुरतात. तीन वापरांना एकच शब्द चिकटवण्याचा हट्ट धरला तर तिन्ही बिघडतात.

शुभवर्तमानांतल्या नावाचे काय करायचे हा वेगळा प्रश्न आहे, कारण तिथे भाषांतर अरामीचे नसून ग्रीकचे करायचे आहे. ग्रीक पाठात दोन्ही शब्दांना निश्चिततेची उपपदे लावून ‘तो त्या मनुष्याचा पुत्र’ अशी जड रचना आहे. ती शुभवर्तमानांत ऐंशीहून अधिक वेळा येते आणि जवळजवळ नेहमी येशूच्याच तोंडी. ग्रीक कानालाही ती परकीच वाटली असणार, आणि तिच्या मागे अरामी ‘बर-एनाश’ उभा आहे यात फारसा संशय नाही. पण ग्रीकमध्ये उतरल्यावर ती साधा शब्द राहिली नाही, विशेष नाव झाली. म्हणून प्रचलित मराठी बायबलाने इथे ‘मनुष्याचा पुत्र’ ठेवला तो योग्यच आहे. सगळीकडून ‘पुत्र’ पुसून ‘माणूस’ घालावा, अशी उलट टोकाची मागणी कोणी करील तर तीही चुकीची. तिने ग्रीक लेखकांनी घडवलेले नाव मोडते. मात्र या नावावरून मागे जाऊन दानीएलातल्या किंवा सफीरेच्या दगडावरच्या साध्या माणसाला पुत्र बनवता येत नाही. विशेषनामाने सामान्यनामाचा अर्थ ठरत नसतो.

दोन-तीन जागा अशा आहेत जिथे ग्रीक नावाआडचा अरामी माणूस डोकावतो, आणि तिथे तळटीप द्यावी. शब्बाथाचे वाक्य त्यांतले एक: दोन वाक्यांमधला ‘म्हणून’ हा दुवा, दोन्हीकडे माणूस असला तरच नीट जुळतो. पक्षाघाती माणसाच्या प्रसंगात पापक्षमेचा अधिकार मनुष्याच्या पुत्राला आहे असे येशू म्हणतो, आणि मत्तयाच्या नवव्या अध्यायात जमाव देवाचे गौरव करतो ते ‘माणसांना’ असा अधिकार दिल्याबद्दल. हे अनेकवचन अपघाती वाटत नाही. तिसरी जागा निंदेच्या वाक्याची. मार्कमध्ये ‘मनुष्यांच्या पुत्रांना’ सर्व पापांची क्षमा होईल असे आहे, तर मत्तय आणि लूक यांच्याकडे ‘मनुष्याच्या पुत्राविरुद्ध’ बोललेल्या शब्दाची क्षमा होते. एकाच अरामी वाक्यातला ‘बर-एनाश’ दोन बाजूंनी वाचला गेला असावा, हा खुलासा या फरकाला सर्वांत कमी ओढाताण करून लागू पडतो.

यहेज्केलाला नव्वदहून अधिक वेळा मारलेली ‘बेन-आदाम’ ही हाक हिब्रू आहे. तिथे देवापुढे उभा असलेला मर्त्य जीव एवढाच अर्थ आहे, आणि ‘मानवपुत्रा’ हे संबोधन रूढ आहे म्हणून चालते. मराठी कोशात अरामी शब्दाची नोंद करायची झाली तर ती अशी पुरे: ‘एनाश – मानवजात, माणूस, कोणी. बर-एनाश, बर्नाशा – माणूस, मानवजातीतला एक. “बर” इथे अपत्यवाचक नाही, जातिवाचक आहे. दानीएल ७:१३ मध्ये “माणसासारखा कोणी”. शुभवर्तमानांतील “मनुष्याचा पुत्र” हे ग्रीक विशेषनाम याच शब्दावरून आले, पण त्याची नोंद स्वतंत्र पाहावी.’